तव्याने राक्षसीण बडवणारी मेंढपाळाची नात

मंडळी, नदीकाठी एक नऊ वर्षांची मुलगी बसली आहे. शेजारी धाकटा भाऊ चिखलात खेळतो आहे. एवढ्यात पाणी ढवळते आणि आतून एक हिरवी, लांब दातांची राक्षसीण उसळी मारून वर येते. डोळे सूपच्या बशीएवढे! मुलगी भावाला ओढून घेते आणि घर गाठते. इथवर कुणीही असेच केले असते. पण पुढे ती काय करते ते ऐका. घरात परीकथांचे एक जुने पुस्तक आहे, ते उघडून ती या राक्षसिणीची माहिती काढते. त्यातही डोळे सूपच्या बशीएवढेच लिहिलेले. मग ती स्वयंपाकघरातली बशी उतरवून मोजते. आठ इंच भरते. आता खात्री झाली. ती दांड्याचा जड लोखंडी तवा उचलते, गोळ्यांची पिशवी घेते, भावाला पुन्हा नदीकाठी आमिष म्हणून बसवते, आणि राक्षसीण वर येताच तिच्या थोबाडावर तवा हाणते!

सख्ख्या भावाचे आमिष! पोरे इथे खो खो हसतात, आणि आया पुस्तक कुणी लिहिले ते विचारतात.

पुस्तकाचे नाव 'द वी फ्री मेन'. २००३ साली इंग्लंडात निघाले. लेखक टेरी प्रॅचेट. नऊ-दहा ते तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी जी गंमतीची, जादूची, धाडसाची पुस्तके तिकडे लिहिली जातात, त्यांत याचा क्रमांक वरचा. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे ज्यांनी लहानपणी वाचला, त्यांना अशा पुस्तकाची चव सांगायला नको. पण आज हे विलायती पुस्तक तुमच्यापुढे ठेवतो त्याला कारण आहे. जादूच्या गोष्टींत नायक बहुधा राजपुत्र असतो, नाही तर एखाद्या बड्या शाळेतला मुलगा. इथे नायिका आहे मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याची पोर. टिफनी एकिंग तिचे नाव. शेत स्वतःचे नाही, सरदाराचे आहे. एकिंग मंडळी पिढ्यान्‌पिढ्या त्याची कुळे. टिफनीचे काम दूधघरात. लोणी काढणे आणि चीज करणे यांत तिचा हात धरणारे कुणी नाही. घरात पुस्तके मोजकीच. एक मेंढ्यांच्या रोगांवरचे, एक शब्दकोश. शब्दकोश तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढला, कारण तो तसा वाचायचा नसतो हे तिला कुणी सांगितलेच नव्हते.

शाळा गावात नाहीच. फिरते मास्तर येतात, तंबू ठोकतात, आणि भाजीपाला, अंडी असे काहीबाही घेऊन शिकवतात. दिवस मावळायच्या आत त्यांनी गाव सोडावे असा दंडक, नाही तर कोंबड्या नाहीशा व्हायच्या! मास्तर लोकांनी रागावू नये. प्रॅचेट यांची थट्टा कुणालाच सोडत नाही.

या कथेतले जग आहे ताटासारखे सपाट. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे आणि हत्ती उभे आहेत आकाशातून पोहत चाललेल्या एका अजस्र कासवावर. पुराणातले दिग्गज आणि कूर्म ठाऊक असलेल्या आपल्या आजी-आजोबांना यात काही नवल वाटणार नाही. या जगावर प्रॅचेट यांनी १९८३ पासून ४१ कादंबऱ्या लिहिल्या. बहुतेक मोठ्यांसाठी, थोड्या मुलांसाठी. टिफनीच्या पाच.

आता थोडे त्या बुटक्यांविषयी, कारण पोरांना तेच सर्वांत आवडतात. त्यांना म्हणतात नॅक मॅक फीगल. उंची सहा इंच, अंग निळे, केस लाल. उद्योग तीन: चोरी, दारू आणि मारामारी. मारायला दुसरे कुणी सापडले नाही तर आपसात. मेंढी चोरायची झाली तर एकेका खुराखाली एकेक गडी शिरतो आणि मेंढी उचलून पळत सुटतो. लांबून बघणाऱ्याला वाटते, मेंढी आज भलत्याच वेगात आहे! हे कुणालाही भीत नाहीत. राजाला नाही, भुताला नाही. भितात फक्त वकिलाला. कागदावर आपले नाव लिहिले गेले म्हणजे आता वॉरंट आले, असे समजून हे रणशूर चळचळा कापतात. कोर्टाची पायरी चढलेल्यांना यातले मर्म निराळे सांगायला नको. टिफनीबरोबर एक बोलणारा बेडूक असतो. तो पूर्वजन्मीचा म्हणा किंवा शापापूर्वीचा म्हणा, वकील निघतो, आणि शेवटी बुटक्यांच्या बाजूने उभा राहतो.

त्यांचे घराणे मधमाश्यांसारखे. एकच राणी आणि शेकड्यांनी मुलगे. म्हातारी राणी मरते आणि जाताना आपली जागा टिफनीला देते. रीत अशी की राणीने जमातीतल्या एकाशी लग्न केलेच पाहिजे. आता आली पंचाईत! नऊ वर्षांची पोर आणि सहा इंचांचा नवरा. 'नाही' म्हणावे तर रीत मोडते, बिचाऱ्यांचा अपमान होतो. टिफनी विचार करते आणि लग्नाची तारीख सांगते. जगाच्या टोकाला काळ्या दगडाचा मैलभर उंच डोंगर आहे. वर्षातून एकदा एक चिमणा पक्षी तिथे येतो आणि दगडावर चोच घासतो. घासून घासून तो डोंगर वाळूच्या कणाएवढा उरेल, त्या दिवशी लग्न! हे ऐकून नवरदेव रॉब एनीबडी सुटकेचा श्वास टाकतो, कारण तोही तितकाच घाबरलेला असतो. रीतही राखली, कुणाचे मनही मोडले नाही.

आमच्या घरी हे पुस्तक रात्रीच्या जेवणानंतर मी इंग्रजीत वाचत आणि मराठीत सांगत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा पुतण्या फूटपट्टी घेऊन मांडणीपाशी उभा! ताटली साडेसहा इंच भरली, परात सोळा. "परातीएवढे डोळे असते तर?" त्याने विचारले. मी म्हटले, "मग तवा पुरला नसता."

मोठ्या माणसांनी या पुस्तकात रेंगाळावे ते टिफनीच्या आजीसाठी. गोष्ट सुरू होते तेव्हा एकिंग आजी वारलेली आहे, पण पानोपानी तीच आहे. उभा जन्म तिने माळावर मेंढ्यांमागे काढला. राहायला चाकांवरची लाकडी खोली. इंग्लंडात मेंढ्या वितात त्या दिवसांत मेंढपाळ खरोखरच अशा गाड्यांत राहत. अंगाला टर्पेंटाइन आणि तंबाखूचा वास. बोलणे अगदी कमी. मेंढ्या मोजायची तिची रीत जुनी, 'यान, टॅन, टेथेरा' अशी. हीसुद्धा लेखकाने रचलेली नाही, उत्तर इंग्लंडातले मेंढपाळ असेच मोजत आले. त्या मोजणीत वीस म्हणजे 'जिगिट'. टिफनी आजीचे विसावे नातवंड, म्हणून आजी तिला लाडाने जिगिट म्हणते.

एकदा सरदाराच्या आवडत्या कुत्र्याने मेंढी मारली. कायदा सर्वांना एकच: मेंढी मारणाऱ्या कुत्र्याला मृत्यू. काल कुळांवर हुकूम सोडणारा सरदार आज आजीच्या दारी आला. आजीने काय करावे? कुत्र्याला बांधले, आणि ओले कोकरू असलेली एक मेंढी त्याच्यापुढे सोडली. ज्यांनी नुकती व्यालेली मेंढी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगायला नको. तिने धडका देऊन कुत्र्याला असे लोळवले की पुन्हा त्याने मेंढीकडे मान वर करून पाहिले नाही. कुत्रा वाचला, कायद्याचा हेतूही साधला, आणि सरदाराला कळले की दया आपल्यालाही मागावी लागते.

दुसरी हकीकत साधी आहे, पण मला तीच जास्त लागली. टिफनीला जत्रेत चिनी मातीची एक बाहुली मिळते. मेंढपाळीण, पण कशी? निळा-पांढरा झगा, रिबिनी, नाजूक बूट. हौसेने ती बाहुली आजीला देते. आजी काही बोलत नाही. पुढे आजी गेल्यावर पोरीला उमजते की गोणपाट पांघरून पावसात कोकरे ओढून काढणाऱ्या बाईला आपण ही छबकडी दिली, 'मेंढपाळीण अशी असते' म्हणून! आजीला काय वाटले असेल? तिला कधी विचारताच आले नाही. शेतकऱ्यांची जी चित्रे शहरात रंगवतात, लाल फेटा, हसरा चेहरा, हिरवेगार रान, ती पाहताना मला आता ती बाहुली आठवते.

आजीला माळावरच पुरतात आणि तिच्यावर लोकरीचा एक पुंजका ठेवतात. देवाच्या दारी कळावे की ही मेंढपाळ होती, वितीच्या दिवसांत हिला देवळात यायला सवड नव्हती, तेव्हा रागावू नये. ही चालही तिकडच्या माळरानांवर खरोखर होती.

आता या हसऱ्या पुस्तकातली काळी जागा. टिफनीला चेटकीण व्हायचे आहे. का? गावात एक म्हातारी होती, एकटी, दात पडलेली, स्वतःशी बोलणारी. सरदाराचा मुलगा हरवला आणि लोकांना संशय आला. तिचे खोपट पाडले, मांजर मारले, पुस्तके जाळली. त्या हिवाळ्यात तिला कुणी उंबऱ्यात घेतले नाही आणि ती बर्फात मेली. टिफनी मागाहून तिथे गेली आणि म्हातारीची भट्टी मोजून आली, मूल त्यात मावते का ते पाहायला. मावत नव्हते. बशी मोजणारी पोर भट्टीही मोजते, आणि गावातल्या एकाही शहाण्या माणसाला ते सुचले नव्हते. तिने ठरवले, आपणच चेटकीण व्हायचे. म्हणजे असे पुन्हा कुणाचे होऊ द्यायचे नाही.

ही गोष्ट विलायतेतली राहत नाही हे तुम्ही जाणता. डाकीण म्हणून, करणी करते म्हणून बायांना गावाबाहेर काढल्याच्या हकिगती आपल्या महाराष्ट्रातल्याही आहेत. म्हणून तर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने जनावराचे दूध आटवते, तिच्यामुळे रोगराई येते, असे पसरवणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. म्हैस आटली तर खुराक पाहावा, कास पाहावी, डॉक्टरला बोलवावे. टिफनीच्या भाषेत, आधी मोजावे.

पुढची कथा सगळी सांगत नाही. परीराज्याची राणी धाकट्या भावाला पळवते आणि टिफनी तवा घेऊन त्याला आणायला निघते, एवढे पुरे. तवाच का? तर पऱ्यांना लोखंड सोसत नाही, असा तिकडचा जुना समज. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा अडकित्ता ठेवणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांचा समज याच कुळातला. टिफनी नुसता भाऊच नव्हे, हरवलेला सरदारपुत्रही सोडवून आणते. आणि शाबासकी कुणाला मिळते? सरदारपुत्राला! सगळे धरून चालतात की मुलानेच मुलीला वाचवले असणार. घरोघरच्या लेकी हे पान वाचून गालात हसतील, किंवा हसणारही नाहीत.

प्रॅचेट यांचा जन्म १९४८ चा. सतराव्या वर्षी, १९६५ साली, ते एका स्थानिक वृत्तपत्रात उमेदवार बातमीदार म्हणून लागले आणि तिथेच मुलांसाठी गोष्टी लिहू लागले. पहिले पुस्तक, गालिच्यात राहणाऱ्या इवल्या माणसांचे, १९७१ साली निघाले. मधली काही वर्षे वीजमंडळात नोकरी केली. पुढे ते विल्टशर परगण्यात खडूच्या टेकड्यांमध्ये राहायला गेले. टिफनीचा मुलूख तोच. २००९ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. सरदार झालो तर तलवार हवी, म्हणून या गृहस्थांनी घराजवळच्या रानातून ८१ किलो कच्चे लोखंड खणून काढले, माती आणि गवताची भट्टी रचली, तीत मेंढ्यांच्या लेंड्या जाळून ते वितळवले, आकाशातून पडलेल्या उल्केचे तुकडेही त्यात घातले, आणि लोहाराकडून तलवार घडवून घेतली!

पण तेव्हा आजाराने त्यांना गाठले होते. स्मृती खाणारा अल्झायमर, एका वेगळ्या प्रकारचा. २००७ च्या डिसेंबरात त्यांनी तो स्वतःच जाहीर केला. टंकलेखन जमेनासे झाले तेव्हा तोंडाने सांगून पुस्तके लिहिली. टिफनीचे पाचवे आणि शेवटचे पुस्तक, 'द शेफर्ड्‌स क्राउन', ते गेल्यावर २०१५ साली निघाले. मेंढपाळाचा मुकुट म्हणजे खडूच्या जमिनीत सापडणारा एक पाच रेघांचा गोल दगड, फार पूर्वीच्या समुद्रातल्या जिवाचा दगड झालेला. अर्धवट लिखाण कुणी छापू नये ही त्यांची इच्छा होती. म्हणून २०१७ च्या ऑगस्टमध्ये डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत त्यांच्या संगणकाची तबकडी जुन्या रोडरोलरखाली घालून चिरडली.

घरात कुणी इंग्रजी वाचणारे असेल, कॉलेजात जाणारी मुलगी असेल, तर तिने हे मिळवावे आणि रोज रात्री थोडे थोडे मराठीत सांगावे. बुटक्यांची बोली स्कॉटलंडकडची, मोठी चमत्कारिक. तिला सरळ आपल्या गावची बोली द्यावी, फार शोभते. पाच पुस्तके क्रमाने घ्यावीत, कारण टिफनी वर्षा-वर्षाने मोठी होत जाते. चौथे पुस्तक जरा जड आहे, ते तेरा वर्षांच्या पुढे. आणि पाचवे सांगताना आजीला जवळ बसवून घ्यावे.