रंगीत नानखटाई

आषाढात वाराणसी येथे रथयात्रेचा मेळा भरतो. तेथील नानखटाईची दुकाने प्रसिद्ध आहेत. हा पदार्थ घरीही करता येतो. वर टुटीफ्रुटीचे रंगीत तुकडे बसविले म्हणजे तो मुलांना अधिकच आवडतो.

१२० ग्रॅम तूप व १०० ग्रॅम पिठीसाखर एकत्र फेसून त्यात २०० ग्रॅम मैदा व चिमूटभर खाण्याचा सोडा मिसळावा. पाणी घालू नये. मैद्यातील प्रथिने पाण्याशी संयोग पावली म्हणजे ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते. तूप या संयोगास अडथळा करते, म्हणून नानखटाई खुसखुशीत होते. गोळ्यांवर तुकडे दाबून ते सुमारे १७० अंश सेल्सिअस उष्णतेवर कडा तांबूस होईतो भाजावेत. उष्णतेने सोड्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो व नानखटाई हलकी होते.

टुटीफ्रुटी म्हणजे कच्च्या पपईच्या, पाकात मुरविलेल्या फोडी होत. दाट पाक फोडींतील पाणी ओढून घेतो आणि साखर आत शिरते. पाणी कमी झाल्याने सूक्ष्मजंतूंची वाढ खुंटते. फळाच्या तंतूंमुळे हे तुकडे भट्टीतही आकार सोडीत नाहीत.

त्यांचा लाल-हिरवा रंग मात्र पपईचा नव्हे; तो वरून दिलेला असतो. भारतात खाद्यपदार्थांसाठी मोजक्याच कृत्रिम रंगांस परवानगी आहे. मेटॅनिल यलो हा पिवळा रंग त्यांत नाही. तो आरोग्यास अपायकारक आहे. म्हणून सुटे, भडक तुकडे टाळावेत आणि वेष्टनावरील घटकांची यादी वाचूनच ते विकत घ्यावेत.