सैनिकी शाळेतले आमचे पोर आणि युद्धाचे दिवस

7 ते 10 मे 2025 या चार दिवसांत भारत-पाकिस्तान सीमेवर तोफा धडाडत होत्या आणि घराघरांतल्या टीव्हीवर देशभक्तीला उधाण आले होते. अशा दिवसांत नांदेड-लातूरच्या वस्त्यांतील एखादे पोर सैनिकी शाळेत असेल, तर जो तो त्याला जवान समजू लागतो. प्रत्यक्षात ते सहावी-सातवीतले लेकरू असते. पहाटे उठणे, पीटी, वर्ग, मैदान, सक्तीचा अभ्यास आणि ठरल्या वेळी दिवे बंद, हा त्याचा दिवस. युद्ध पेटले म्हणून त्याच्या हाती बंदूक येत नाही आणि गणिताचा पेपरही टळत नाही.

कायदाही हेच सांगतो. बालकांच्या सशस्त्र संघर्षातील सहभागाबाबतचा 2000 सालचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 2005 मध्ये मान्य केला. 18 वर्षांखालील सैनिकाला प्रत्यक्ष लढाईत उतरू देऊ नये, हे त्याचे सूत्र. सैनिकी शाळा ही आधी शाळाच असते.

आमच्या समाजाला हे नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीने आमच्या वाडवडिलांना अक्षरओळख दिली. परंतु 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, 111 वी महार पलटण उभी राहिली आणि 1921 मध्ये मोडली गेली. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, बाबासाहेबांच्या प्रयत्नांना यश येऊन महार रेजिमेंट उभी राहिली. गरज पडली की दार उघडायचे आणि गरज सरली की लावून घ्यायचे, हा अनुभव आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून आमचा प्रश्न शांततेच्या काळातला आहे. साताऱ्याची सैनिक शाळा 1961 ची, चंद्रपूरची 2019 ची. दोन्ही आमच्यापासून लांब. तेथे अनुसूचित जातींसाठी 15 टक्के जागा आहेत. 2021 पासून मुलींनाही प्रवेश आहे. सहावीच्या प्रवेशासाठी 31 मार्चला वय 10 ते 12 वर्षे लागते आणि परीक्षा मराठीतून देता येते. नववीची मात्र इंग्रजीतूनच. म्हणजे जिल्हा परिषद शाळेतल्या पोराला खरी संधी सहावीलाच. ऊसतोडीवर गेलेल्या आईबापांना हे कोण सांगणार?

कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा या परीक्षेच्या पुस्तकांसाठी काढा. पाचवीतल्या मुलामुलींची यादी करा, जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेत काढून द्या. सीमेवर मरण्यासाठी आमची पोरे नेहमीच चालली. आता हुकूम देणाऱ्यांच्या रांगेतही ती दिसली पाहिजेत.