विहिरीवरील मोटार आणि केबलची जाडी

वर्धा जिल्ह्यातील कारंजा, आष्टी व आर्वी या तालुक्यांत संत्र्याच्या बागा पुष्कळ आहेत. आंबिया बहाराची फळे चैत्र-वैशाखात झाडावर लहान असतात आणि नेमक्या त्याच वेळी विहिरींचे पाणी खोल जाते. ओलिताची पाळी चुकल्यास फळगळ वाढते. अशा दिवसांत मोटार जळाली, तर बागाईतदाराचे नुकसान दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. मोटार जळण्याची कारणे अनेक आहेत. परंतु विजेच्या खांबापासून विहिरीपर्यंत नेलेली केबल गरजेपेक्षा बारीक असणे हे त्यांपैकी एक असून, ते टाळणे शेतकऱ्याच्या हाती आहे.

प्रत्येक तार विजेच्या प्रवाहास थोडाफार विरोध करते. लांबी दुप्पट झाली की हा विरोधही दुप्पट होतो. तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट झाले की तो निम्मा होतो. लांब व अरुंद पाटातून पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जोराने पोहोचत नाही, तसाच हा प्रकार होय. प्रवाह, दाब व विरोध यांचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडला.

दुकानात 'चार एमएम' म्हणून केबल मागतात, तो आकडा जाडीचा नसून छेदाच्या क्षेत्रफळाचा, म्हणजे चौरस मिलिमीटरचा असतो, हे ध्यानात ठेवावे. एकसंध तारेची जाडी १.८ मिलिमीटरवरून ३.६ मिलिमीटर केली, तर क्षेत्रफळ अडीचवरून दहा चौरस मिलिमीटर, म्हणजे चौपट होते आणि विरोध एक-चतुर्थांश उरतो.

आता एक उदाहरण घेऊ. तीन फेजची पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारे साडेसात अँपियर प्रवाह घेते. विहीर खांबापासून ३०० मीटर दूर असून ॲल्युमिनियमची केबल अडीच चौरस मिलिमीटरची असल्यास ४१५ व्होल्टपैकी सुमारे ३७ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि सुमारे ५७० वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. दहा चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये हेच आकडे सुमारे ९ व्होल्ट व १४० वॅट इतके उतरतात. मुळात खांबावरच दाब कमी असेल, तर ३७ व्होल्टची ही तूट मोटारीस सोसवत नाही. मोटारीचा पीळ दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. तेच काम करण्यासाठी ती अधिक प्रवाह ओढते, गुंडाळी तापते आणि अखेर जळते.

उन्हाळ्यात पाणबुडी मोटार खाली सोडताना घरात पडलेला बारीक केबलचा तुकडा जोडण्याचा प्रघात आहे. तो घातक होय. अडीच चौरस मिलिमीटरचा ४० मीटर तुकडा दहा चौरस मिलिमीटरच्या १६० मीटर केबलइतका विरोध करतो. सांधा सैल राहिल्यास तोही तापतो.

म्हणून बागाईतदारांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. केबल घेण्यापूर्वी अंतर टेपने मोजावे. अंतर दुप्पट असल्यास क्षेत्रफळही दुप्पट घ्यावे.

२. तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरल्यास क्षेत्रफळ सुमारे १.६ पट ठेवावे.

३. वाढीव तुकडा मूळ केबलच्याच धातूचा व निदान तितक्याच क्षेत्रफळाचा असावा. तांबे व ॲल्युमिनियम यांचा सांधा नुसता पीळ देऊन करू नये. त्यासाठी योग्य जोडणी-साहित्य वापरावे.

४. मोटार चालू असताना खांबाजवळील स्विचवर व विहिरीवरील स्टार्टरवर दाब परवानाधारक वायरमनकडून मोजून घ्यावा. दोहोंत वीस व्होल्टांहून अधिक फरक आढळल्यास केबल व सांधे तपासावेत.

हे काम पाणी खोल जाण्यापूर्वी, माघ महिन्यातच उरकावे. जाड केबलचा जादा खर्च एकदाच होतो. बारीक केबलचा भुर्दंड मात्र दर उन्हाळ्यात भरावा लागतो.