शिवेवरची पडीक जागा

शीव म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. दोन गावांची हद्द जिथं भिडते ती शीव. मुंबईतल्या शीवचं नावही असंच पडलं. मुंबई बेट इथं संपायचं, पलीकडे साष्टी, मध्ये खाडी आणि दलदल. आपल्याकडची मंडळी पेशंट घेऊन टिळक रुग्णालयात जातात, ती याच शिवेवर उतरतात.

तिथून जवळच शीव कोळीवाडा आहे. हार्बर लाइनवरच्या स्टेशनाचं नावही पूर्वी कोळीवाडाच होतं. फाळणीनंतर इथं निर्वासित पंजाबी कुटुंबं वसली आणि पुढे त्याचं गुरू तेग बहादूर नगर झालं. नावात कोळी आहेत, पण आज तिथं उभं राहिलं तर चारी बाजूंनी इमारती दिसतात. खाडी कुठं गेली, हा प्रश्न कुणालाही पडेल.

खाडी हळूहळू बुजली. १८०५ साली शीव आणि कुर्ला जोडणारा बांधरस्ता पुरा झाला. नंतर रेल्वे, कारखाने, वस्त्या आल्या आणि भराव पडत गेला. शेजारच्या धारावीचं नाव १९०९ च्या गॅझेटिअरात मुंबईच्या मोठ्या कोळीवाड्यांत आहे. तिथली मासेमारीही खाडीबरोबर गेली. अलीकडे मिठी नदीकाठच्या सखल जागेवर वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. हिशेबाने पाहिलं तर प्रत्येक भराव फायद्याचाच होता. चिखल आणि तिवरांची झाडं, त्यातून उत्पन्न ते काय? कोळ्याच्या चार टोपल्या कोळंबी नि खेकडे.

पण ती दलदल रिकामी बसलेली नव्हती. भरतीच्या वेळी पाऊस आला तर ते पाणी ती पोटात घ्यायची आणि ओहोटीला सोडायची. तिवरांच्या मुळांत माशांची पिल्लं वाढायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला त्याच दिवशी जेमतेम ७३. एवढा पाऊस कुठल्याही गावाला पेलला नसता, हे खरंच. पण मिठीला पसरायला जागाच उरली नव्हती. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. चितळे समितीने नदीवरची अतिक्रमणं नि अरुंद झालेलं पात्र यांवर बोट ठेवलं. शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी, ही बातमी अजूनही पावसाळ्यात येतेच.

कोळी समाजाला रिकामं ठेवण्याची किंमत ठाऊक आहे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढायच्या नि नारळी पौर्णिमेपर्यंत सुके बोंबील, सुकट यांवर निभवायचं, ही जुनी रीत. सरकारची १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदीही त्याच कारणाने आहे. दोन महिने होडी बसली तर नुकसान दिसतं. मासळीची वीण होते ती मात्र कुणाला दिसत नाही.

आता आपल्या शिवारात या. बांध कोरायची आपली खोड जुनी. शंभर मीटर लांबीचा, मीटरभर रुंदीचा बांध कोरला की एक गुंठा जमीन हाताला लागते. सोयाबीन एकरी आठ क्विंटल धरलं तर गुंठ्याला वीस किलो. त्या वीस किलोंसाठी बांधावरची बाभूळ जाते, शेळीचा पाला जातो, उताराचं पाणी अडायचं थांबतं आणि काळी माती ओढ्याला लागते. भावकीचं भांडण होतं ते वेगळंच!

ओढ्याचंही तेच. दोन्ही काठांचे शेतकरी दरसाल एकेक तास आत सरकतात. ओढ्याची चारी होते, आणि ढगफुटीसारखा पाऊस झाला की पाणी उभ्या पिकातून वाट काढतं. मग पंचनाम्याला आम्हीच येतो. खरं सांगायचं तर त्या वेळी ओढा किती रुंद होता, हे विचारायला आमचीही जीभ रेटत नाही.

कुणी म्हणेल, साहेब, जमीन पडीक ठेवून पोट भरतं का? नाही भरत. दोन एकरवाल्याला गुंठाही मोलाचा आहे. म्हणून सगळं रान सोडा असं मी म्हणत नाही. बांध मीटरभर राहू द्या, पण त्यावर शेवगा, हादगा लावा, चाऱ्याचं गवत वाढवा. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्या. सोयाबीन ऐन काढणीत भिजलं तरी तूर मागे उभी असते. २०१७ साली बोंडअळीने कपाशी खाल्ली, तेव्हा निव्वळ कपाशीवाल्याच्या हाताला काही लागलं नाही.

ओढा आणि गायरान मात्र एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, त्याच वर्षी जुलैत राज्य सरकारचाही निर्णय आला. सरपंच मंडळींनी तलाठ्याकडचा गावनकाशा घेऊन पावसाआधी एकदा ओढ्याकाठाने चालून यावं. नकाशातली रुंदी आणि पायाखालची रुंदी यांतला फरक पावलांनी मोजून १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा. सोबत काठाच्या दोन-चार शेतकऱ्यांनाही न्यावं. ओढा कुणाच्या आजोबांच्या वेळी कुठून वाहायचा, हे त्यांनाच नीट सांगता येतं.