रिकाम्या मशीनला अठ्ठ्याण्णव गुण

आज माझीच एक चूक सांगतो.

मी इंजिनिअरिंगच्या मुलांना थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकवतो. एका वर्षी असाइनमेंट तपासायचा कंटाळा आला, म्हणून तपासणारा प्रोग्रॅमच लिहिला. प्रश्न असा होता: ए आणि बी या दोनच अक्षरांच्या ज्या स्ट्रिंगमध्ये 'एबी' नेमकं दोनदा येतं, तेवढ्याच स्वीकारणारा डीएफए काढा. डीएफए म्हणजे वर्तुळं आणि बाण. एकेक अक्षर वाचत बाणावरून पुढे जायचं, शेवटी दुहेरी वर्तुळात थांबलात तर स्ट्रिंग पास. माझा प्रोग्रॅम वीस अक्षरी रँडम स्ट्रिंग द्यायचा आणि किती उत्तरं बरोबर आली ते मोजायचा.

एका मुलीनं 'नेमकं'च्या जागी 'किमान' वाचलं. बाकी मशीन सुरेख. तिला शंभरात दोन! दुसऱ्यानं एकच वर्तुळ काढून सगळंच नाकारलं होतं, त्याला अठ्ठ्याण्णव. ती दोन्ही कागद घेऊन आली, म्हणाली, "सर, हे कसं काय?"

हिशोब करून बघितला. वीस अक्षरी स्ट्रिंग एकूण १०,४८,५७६. त्यातल्या फक्त २०,३४९ मध्ये एबी नेमकं दोनदा येतं. म्हणजे डोळे मिटून 'नाही' म्हणणारा ९८ टक्के वेळा बरोबरच. आणि तीन किंवा जास्त वेळा एबी असलेल्या १०,२६,८७६, त्या सगळ्यांवर ही बिचारी चुकली.

खरं तर रँडम स्ट्रिंगची गरजच नव्हती. दोन डीएफए सारखेच आहेत का, हे खात्रीनं सांगता येतं. दोन्ही एकदम चालवायचे आणि वर्तुळांच्या जोड्या बघायच्या. माझी सात वर्तुळं, तिची पाच, म्हणजे फार तर पस्तीस जोड्या. एक 'हो' म्हणतंय, दुसरं 'नाही', अशी जोडी 'एबीएबीएबी'वर लगेच सापडते.

पण चूक सापडली, तरी गुण किती कापायचे? राजीव अलूर, लोरिस डी'अँटोनी, सुमित गुलवानी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये नेमकं यावरच काम मांडलं. किती स्ट्रिंग चुकल्या, हा एक निकष. आकृतीत किती बाण-वर्तुळं बदलावी लागतील, हा दुसरा. आणि तिसरा मला फार आवडतो: मशीन जे करतंय त्याचं वर्णन प्रश्नापासून किती लांब आहे? इथे फक्त एक शब्द, 'किमान'. हाताने तपासणारा मास्तर नकळत हेच करतो ना!

पुढच्या धड्यात, कॉन्टेक्स्ट-फ्री ग्रामरला, मात्र हे चालत नाही. दोन ग्रामर एकच भाषा देतात का, हे दर वेळी अचूक सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. काही स्ट्रिंग देऊन बघायच्या, एवढंच. चूक सापडली तर ती नक्की चूक. नाही सापडली तर बरोबर आहे असं नाही.

त्या मुलीला मी सत्तर दिले. रिकाम्या मशीनला शून्य. ग्रामरचे कागद अजून हातानेच तपासतो, चहा घेत.