चुकलेल्या गाडीचं वेळापत्रक

रेल्वेनं युरोप फिरून आलेल्यांच्या गप्पांत दोन गोष्टी हमखास जोडीनं येतात. आधी फजिती येते: पुढची गाडी डोळ्यांदेखत सुटली, भलत्याच डब्यात बसलो, नाव ओळखीचं वाटलं म्हणून एक स्टेशन आधीच उतरलो. तिच्या पाठोपाठ एक माणूस येतो: हाताला धरून योग्य फलाटावर नेणाऱ्या आजी, रिकाम्या फलाटावर तीन तास सोबत करणारा परका विद्यार्थी. सांगणारा हे दोन्ही नशिबाच्या खात्यावर टाकून मोकळा होतो. मला तो हिशेब पटत नाही. फजिती कुठे व्हायची हे बऱ्याच अंशी आधीच ठरलेलं असतं, रुळांच्या मापात, विजेच्या दाबात, वेळापत्रकाच्या आखणीत. आणि अनोळखी माणसं एकमेकांशी बोलायला लागतात तीही बहुतेक तिथेच. ज्याला आपण योगायोग म्हणतो तो या व्यवस्थेच्या सांध्यांवर घडतो, आणि हे सांधे नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, बिदासोआ नदीच्या काठी आंदाय हे गाव आहे. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून निघालेली वेगवान तेजेवे इथवर येते. नदीपलीकडे स्पेनमधलं इरुन. मधे फक्त एक पूल, पण फ्रान्सचे रूळ १४३५ मिलिमीटरचे आणि स्पेनचे जुने रूळ १६६८ मिलिमीटरचे. त्यामुळे दोन्हीकडचे रूळ पूल ओलांडून एकमेकांच्या स्टेशनात शिरतात, गाड्या मात्र तिथेच थांबतात आणि सीमा ओलांडून जाणाऱ्याला उतरावं लागतं. त्यातही आंदायला तिसरं माप आहे: मुख्य स्टेशनाच्या बाहेर, अंगणातच म्हणावं इतक्या जवळ, बास्क प्रांताच्या मीटरगेज रेल्वेचं चिमुकलं स्टेशन आहे. सान सेबास्तियानला जायला बहुतेकांना हीच गाडी सोयीची पडते. पण मोठ्या स्टेशनातून बाहेर पडणाऱ्याला ते पटकन दिसत नाही, दिसलं तर ते आपल्यासाठी आहे असं वाटत नाही. म्हणून पाठीवर सॅक घेतलेली माणसं त्या अंगणात घुटमळताना दिसतात. एकाला वाट सापडली की बाकीचे त्याच्यामागे निघतात, आणि गाडीत बसेपर्यंत त्यांचा एक तात्पुरता कंपू झालेला असतो. या कंपूचं श्रेय द्यायचंच तर एकोणिसाव्या शतकात वेगळं माप निवडणाऱ्या स्पॅनिश अभियंत्यांना द्यावं लागेल.

असे सांधे युरोपभर विखुरलेले आहेत. इटलीच्या मुख्य मार्गांवर ३००० व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि ऑस्ट्रियात १५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणून आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीत इंजिन बदलण्याचा रिवाज पडला. दोन्ही प्रवाहांवर चालणारी इंजिनं आल्यावर त्याची गरज कमी होत गेली. व्हेनिसला मेस्त्रे आणि सांता लुचिया अशी दोन स्टेशनं, पहिलं मुख्य भूमीवर, दुसरं कालव्याच्या काठावर. ‘व्हेनेझिया’ एवढंच वाचून मेस्त्रेला उतरणारे कधी संपायचे नाहीत. बेल्जियमच्या फ्लेमिश भागात फ्रान्समधल्या लील शहराचं नाव पाटीवर ‘रेइसल’ असं येतं. आणि जर्मनीतल्या हामला बर्लिनहून आलेली आयसीई गाडी वर्षानुवर्षे मधोमध तुटत आली आहे: एक अर्धा भाग हागन-वुपरटालवरून कोलोनला, दुसरा डॉर्टमुंड-एसेनवरून ड्युसेलडोर्फला. आरक्षण नसलेला प्रवासी खिडकीची रिकामी जागा बघून बसतो आणि आपण कुठल्या अर्ध्या गाडीत आहोत हे त्याला हाम जवळ आल्यावर, घोषणा ऐकून कळतं. भारतात आरक्षित तिकिटावर डब्याचा क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे ‘गाडी बरोबर, डबा चूक’ हा प्रकारच आपल्या डोक्यात येत नाही.

पण सगळ्यात मोठा सांधा रुळांत किंवा पाट्यांत नाही, तो वेळापत्रकात आहे. स्वित्झर्लंडनं १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतरानं, दर तासाला त्याच मिनिटाला गाड्या सोडायला सुरुवात केली. डिसेंबर २००४ मध्ये ‘बान २०००’ योजनेचा मोठा टप्पा पूर्ण झाला, आणि झुरिच-बर्न हे अंतर तासाच्या आत आलं. तासाच्या आतच का, याला कारण आहे. मोठ्या स्टेशनांत सगळ्या दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या आसपास एकत्र याव्यात, प्रवाशांनी फलाट बदलावा आणि काही मिनिटांत सगळ्या गाड्या पुन्हा पांगाव्यात, अशी ती रचना आहे. गाडी किती वेगानं धावते यापेक्षा ती पुढच्या सांध्याला वेळेत पोचते का, हा प्रश्न तिथे महत्त्वाचा. ही रचना सुरेख आहे, पण तिला उशीर सोसत नाही. एका उशिरा आलेल्या गाडीसाठी दुसरी थांबवली तर तिचे प्रवासी पुढच्या सांध्यावर चुकतात. न थांबवली तर पहिल्या गाडीतले फलाटावर राहतात. स्विस रेल्वे तीन मिनिटांच्या आत पोचलेल्या गाडीला वेळेवर म्हणते आणि २०२४ मध्ये तिच्या ९३ टक्क्यांहून जास्त गाड्या या कसोटीला उतरल्या. जर्मन रेल्वेची कसोटी सहा मिनिटांची, म्हणजे दुप्पट सैल, तरी त्याच वर्षी तिच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर होत्या. या दोन देशांच्या मधे बासेल आहे. जर्मनीहून फार उशिरा आलेली गाडी स्विस लोक कित्येकदा बासेललाच संपवतात आणि पुढे आपली राखीव गाडी वेळेवर सोडतात. आपल्या वेळापत्रकात शेजाऱ्याचा उशीर शिरू नये म्हणून केलेली ही सोय आहे, पण सीमेवर उतरवल्या गेलेल्या प्रवाशाला ती कळायला थोडा वेळ लागतो.

आता त्या फलाटाकडे बघावं. गाडी वेळेत असते तेव्हा डब्यात कोणी कोणाशी बोलत नाही. जर्मन गाड्यांत तर शांततेचे डबे वेगळे असतात. समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ च्या ग्रंथात नोंदवलं आहे की बस, रेल्वे, ट्राम येण्याआधी माणसांना एकमेकांकडे मिनिटंच्या मिनिटं बघत, तरीही न बोलता बसण्याची वेळ कधी आली नव्हती. ही अबोल शेजारी बसण्याची कला आगगाडीनं शिकवली. ती मोडायला निमित्त लागतं, आणि चुकलेली गाडी ते पुरवते. सूचनाफलकावर उशिराची मिनिटं वाढतात, आधी सगळे आपापल्या फोनमध्ये बघतात, मग कोणीतरी कोणालाही न उद्देशून काहीतरी पुटपुटतं. पुढच्या पाच मिनिटांत कोणाला कुठे जायचंय हे सगळ्यांना माहीत झालेलं असतं. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागोच्या लोकल गाड्यांतल्या काही प्रवाशांना शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. आपल्याला गप्प राहूनच बरं वाटेल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. प्रत्येकाला वाटत होतं की बोलायला समोरचाच तयार नसेल. रद्द झालेली गाडी हा गैरसमज एका घोषणेत संपवते, कारण आता सगळ्यांकडे विषयही एकच असतो आणि तक्रारही.

यावर कोणी म्हणेल, ही ढिसाळ कारभाराची भलामण झाली. ज्याचं विमान चुकलं, ज्याची नोकरीची मुलाखत गेली, त्याला फलाटावरच्या गप्पांचं कौतुक सांगून काय उपयोग? हा आक्षेप मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे, फक्त त्यातून एक गोष्ट निसटते: तोच उशीर कोणाला गंमत वाटतो आणि कोणाला संकट, हे तिकीट ठरवतं. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी १९५९ पासून युरेल पास आहे, युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ पासून इंटररेल. पुण्याहून निघालेल्याला पहिला मिळतो, आखेनमध्ये शिकणाऱ्या त्याच्या बहिणीला दुसरा. जर्मनी, ऑस्ट्रिया किंवा स्वित्झर्लंडमधल्या बहुतेक गाड्यांत हा पासवाला एक गाडी चुकली तर सरळ पुढच्या गाडीत चढतो. तेजेवेत किंवा इटलीच्या फ्रेच्यारोस्सात मात्र आरक्षण सक्तीचं, तिथे पासाचा रुबाब संपतो. स्वस्तातलं जर्मन तिकीट एका ठरावीक गाडीला बांधलेलं असतं, पण मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार एक ते दोन तासांच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा परत मिळतो, दोन तासांपुढे अर्धा. जून २०२३ पासून असाधारण आपत्तीसारखे अपवाद आले आहेत. पण दोन वेगळी तिकिटं काढून सांधा आपणच जुळवला असेल, तर तो चुकल्याची भरपाई सहसा कोणी देत नाही. शहाणा प्रवासी म्हणूनच पैसे गाडीवर वाचवत नाही, मधल्या वेळेवर खर्च करतो: नकाशानं सुचवलेली आठ मिनिटांची जोडणी सोडून पुढची घेतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. वाट चुकण्याची चैन सगळ्यांना सारखी परवडत नाही. शेंगेन व्हिसासाठी भारतीयाला मुक्कामाचे पुरावे आधी जोडावे लागतात. एक गाडी चुकली की दोन आगाऊ बुकिंगं कोलमडतात. जर्मनीनं १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे, आणि साल्झबुर्गहून म्युनिकला जाणाऱ्या डब्यात पासपोर्ट कोणाकडे आधी मागितला जातो हे निरखलं तर ‘सीमा नसलेला युरोप’ हे शब्द जपून वापरावे लागतात. एकट्या बाईला रात्री अकराला परक्या स्टेशनात भेटणाऱ्या माणसाबद्दल उत्साह नसेल तर तिचं काहीच चुकत नाही. सहा बर्थच्या कुशेतमधला, म्हणजे रात्रगाडीतल्या सामायिक कंपार्टमेंटमधला, शेजार तिला नको असतो, आणि रेल्वेनंही ते ओळखलं आहे: नाइटजेट या ऑस्ट्रियन रात्रगाड्यांत स्त्रियांसाठी वेगळे कंपार्टमेंट मिळतात, आणि डिसेंबर २०२३ पासून हॅम्बुर्गहून व्हिएन्ना आणि इन्सब्रुकला जाणाऱ्या नव्या गाड्यांत एका माणसापुरती बंद होणारी मिनी केबिन आली. जुन्या पठडीतले प्रवासी तिला नाकं मुरडतात. मला ती योग्य वाटते. झोपेत सक्तीनं घडवलेला शेजार आणि फलाटावर आपणहून सुरू झालेलं बोलणं या निराळ्या गोष्टी आहेत. पहिला गेल्यानं दुसरं जात नाही.

दुसरं जाईल ते सांधेच बुजले तर. थेट गाड्या वाढल्या, फोनच सगळे पर्याय परस्पर सांगू लागला, प्रत्येक जागेवर नाव लागलं, तर उशीर होईल पण विचारायला कोणी वळणार नाही. त्या दिशेनं बरंच काही सुरू आहे. दुसरीकडे जर्मन रेल्वेनं आपले जीर्ण मार्ग एकेक करून महिनोन्‌महिने पूर्ण बंद ठेवून नव्यानं घालायला घेतले आहेत. २०२४ मध्ये फ्रँकफर्ट आणि मानहाइमच्या मधला रीडबान मार्ग पाच महिने बंद होता, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हॅम्बुर्ग-बर्लिनचा नंबर लागला, आणि रांगेत अजून कित्येक आहेत. तोवर हामला किंवा बासेलला उतरणाऱ्याला बोलायला माणसं कमी पडतील असं वाटत नाही.