पाषाणांतील होकायंत्र

तंजावूरच्या राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर बृहदीश्वराचे मंदिर आहे. तेथील भिंतीवर सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. दख्खनच्या पठारावरील हे घराणे कावेरीकाठी कसे आले, ते त्या लेखावरून कळते. परंतु ज्या पठारावरून ते आले, ते पठारच हजारो किलोमीटरांचा प्रवास करून आलेले आहे! त्याचीही नोंद दगडातच आहे. मात्र ती डोळ्यांना दिसत नाही.

राजवाड्याच्या अंगणात, खालीवर झुकू शकेल अशी चुंबकसूची टांगली, तर ती जवळजवळ आडवी राहील. कारण चुंबकीय विषुववृत्त तेथून फार दूर नाही. उत्तरेकडे जावे तसतसे सूचीचे उत्तर टोक अधिकाधिक खाली झुकते. दक्षिण गोलार्धात तेच टोक वर उचलले जाते. या झुकावास नतिकोन म्हणतात. हजारो वर्षांची सरासरी घेतली असता नतिकोनावरून स्थळाचा अक्षांश काढता येतो.

सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने पसरला. तो निवत असता त्यातील मॅग्नेटाइटचे कण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आले आणि त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांत कायमची ठसली.

लंडनमधील ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेतील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी या पाषाणांवरील आपले निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह हे काम वाढविले. पाषाणांतील नतिकोन पन्नास अंशांच्या आसपास भरला, आणि तोही दक्षिण गोलार्धातला! म्हणजे हे थर निवाले तेव्हा महाराष्ट्राची भूमी सुमारे ३० दक्षिण अक्षांशावर होती. आज मुंबई १९ उत्तर अक्षांशावर आहे. हे अंतर वर्षांनी भागले, तर सरासरी वेग वर्षाला आठ सेंटिमीटर येतो. सह्याद्रीतील खालचे बरेच थर उलट दिशेने चुंबकित झालेले आहेत, कारण पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून आपसात जागा बदलतात. तथापि त्यांवरूनही अक्षांश तोच निघतो.

येथे चिकित्सक वाचक विचारील : भूमी न हलता ध्रुवच सरकला नसेल कशावरून? शंका रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनाही ती आली होती. परंतु केवळ ध्रुव सरकला असता, तर सर्व खंडांतील पाषाणांनी त्याचा एकच मार्ग दाखविला असता. भारतातील पाषाणांचा मार्ग युरोपातील पाषाणांच्या मार्गाशी जुळत नाही. तेव्हा खंडच परस्परांपासून हलले असले पाहिजेत.

हे सर्व अनुमान एका साध्या दक्षतेवर उभे आहे. नमुना कातळातून सुटा करण्यापूर्वी त्याच्यावर उत्तर दिशा आणि क्षितिजपातळी यांच्या खुणा कराव्या लागतात. या खुणांवाचून काढलेल्या तुकड्यातील चुंबकत्व नाहीसे होत नाही, पण ते कोणत्या दिशेचे, हे सांगता येत नाही. बृहदीश्वराच्या भिंतीतील शिलांचे नेमके हेच झाले आहे. खाणीतून काढून, फिरवून, घडवून त्या बसविल्या गेल्या. भोसल्यांचा प्रवास त्यांच्यावर वाचता येतो. त्यांचा स्वतःचा मात्र नाही.